बोंबलणाऱ्या बँडचा वर्धा जिल्हा प्रतिनिधी

इंग्लंडात वरच्या अंगाला एक पावसाळी गाव आहे. तिथल्या पाच पोट्ट्यांनी नव्वदच्या आसपास एक बँड काढला. गाणारा एकच होता, पण तो गात नसे, बोंबलत असे. बाकीचे चौघं गिटारी आणि ड्रम अशा त्वेषानं बडवत की तीही बोंबलायची. बारा वर्षं हा उद्योग करून ते कुठंही पोचले नाहीत. ना पैसा मिळाला, ना नाव, ना धड डोक्यावर केस राहिले. त्यांची ही सगळी कारकीर्द मला तोंडपाठ आहे, आणि मी वर्ध्यात सरकी-ढेपेच्या दुकानात गादीवर बसणारा माणूस आहे. सरकी म्हणजे कापसाचं बी, आणि ढेप म्हणजे ते पिळून उरलेला चोथा, जो म्हशी आवडीनं खातात. अशा दुकानात बसून त्यांचा कोणता ड्रमवाला कधी पळाला हे आठवत बसणारा जिल्ह्यात मी एकटाच होतो.

हे लचांड माझ्यामागं लागलं ते आमच्या भाडेकरूमुळं. इथल्या मेडिकल कॉलेजात शिकणारा, दूरच्या पहाडी मुलखातला एक पोट्टा आमच्या वरच्या खोलीत राहायचा. शिक्षण आटपून गावी निघाला तेव्हा त्यानं गादी मोलकरणीला दिली, पुस्तकं रद्दीत घातली आणि एक कॅसेट माझ्या हातात ठेवली. कव्हरवर बंद पडलेल्या कारखान्याचं चित्र होतं. "इसको अकेले में सुनना," तो म्हणाला. मला वाटलं, भलतंच काही असेल. दार लावून ऐकली. भलतंच होतं.

पहिल्यांदा वाटलं टेप मशीनमध्ये अडकली. काढून पेन्सिलीनं गुंडाळली, परत लावली. दुसऱ्यांदा वाटलं, पट्टीच खराब आहे. तिसऱ्यांदा लक्षात आलं की त्या माणसाला असंच म्हणायचं आहे. तेव्हा मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला दुसऱ्यांदा बसलो होतो. दुपारभर दुकानात पोत्यांवर टेकून बाबांची बोलणी ऐकायची आणि संध्याकाळी तीच घरी परत ऐकायची, असा दिनक्रम होता. बाबांसमोर मी जन्मात आवाज चढवला नाही. आमच्यात ती पद्धतच नव्हती. आणि इथं एक अनोळखी माणूस माझ्या वतीनं, माझ्यासाठी, फुकटात ओरडत होता. इतकं बरं वाटलं की मी चौथ्यांदा लावली.

कॅसेटच्या आतल्या कागदावर इंग्लंडचा एक टपालपेटी क्रमांक छापला होता, "आम्हाला लिहा" म्हणून. मी लिहिलं. आता शाळेत आम्हाला इंग्रजीत पत्र शिकवलंच नव्हतं, अर्ज शिकवला होता. त्यामुळे मी त्या बोंबलणाऱ्या मंडळींना सुट्टीच्या अर्जासारखं लिहिलं: आदरणीय महोदय, सविनय निवेदन करतो की आपली कॅसेट मला प्राप्त झाली असून ती उत्तम स्थितीत आहे, तरी पुढील कॅसेट केव्हा निघणार ते कळवून उपकृत करावे. खाली "आपला आज्ञाधारक" आणि सही. पुढं मला कळलं की हे पत्र त्यांनी आपल्या गाडीत आरशाखाली चिकटवलं होतं आणि कार्यक्रमाला जाण्याआधी सगळे मिळून मोठ्यानं वाचत. त्यांना कोणी आदरणीय म्हणण्याची ती पहिलीच वेळ असावी.

दीड-दोन महिन्यांनी उत्तर आलं. गाणाऱ्यानं स्वतः लिहिलं होतं. पण पोस्टमननं ते माझ्या हातात न देता दुकानात बाबांच्या हातात दिलं, तिथून पुढचा सगळा तमाशा सुरू झाला.

बाबांनी लिफाफा उलटापालटा करून पाहिला. राणीचं तिकीट पाहिलं. "इंग्लंडची टपाल कायची बे?"

"कापसाची चौकशी केली होती," मी म्हणालो.

कुठून सुचलं देव जाणे. पण खरं सांगायचं तर काय सांगायचं होतं? बाबा, एक माणूस बोंबलतो आणि मला बरं वाटते? त्या काळी कापूस फक्त सरकारनं घ्यायचा, खासगी माणसानं त्याला हात लावायचा नाही, अशी एकाधिकार योजना होती. बाबांना कापसाचा व्यापार करायचा होता आणि करता येत नव्हता, म्हणून ते सरकी विकत आणि कापसाचं बोलत. "हे योजना उठू दे, मंग पाहा," हे वाक्य मी पाळण्यापासून ऐकत आलो होतो. त्यांनी तो लिफाफा कपाळाला लावला, दुकानातल्या लक्ष्मीच्या फोटोपुढं ठेवला आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या बाजाराला सांगून आले की आमच्या पोट्ट्यानं विलायतेशी संबंध जोडला. बी.कॉम.चा विषय त्या दिवसापासून घरात निघाला नाही.

वर्षाला दोन-तीन पत्रं येत. प्रत्येक पत्र आधी लक्ष्मीपुढं जायचं, मग माझ्याकडं. आत काय असायचं ते लक्ष्मीला माहीत. सुरुवातीची पत्रं जोरात होती. पाचही जण एका मोडक्या गाडीतून देशभर फिरत, गाडीतच झोपत, पाव खात. ते स्वतःला हार्डकोर म्हणवत. मग एका बऱ्यापैकी कॅसेट कंपनीनं त्यांना घेतलं आणि ते मेटल झाले. यातला फरक मला पत्रातून समजला तो असा: हार्डकोर म्हणजे डोकं भादरून दीड मिनिटात ओरडून मोकळं व्हायचं, आणि मेटल म्हणजे केस वाढवून तेच काम सहा मिनिटं करायचं. जुने चाहते चिडले. म्हणाले, हे विकले गेले. विकत कोणी घेतलं ते मात्र कोणालाच सांगता येईना.

एकदा त्यांची गाडी कोणी फोडली. चोरानं आतली सगळी वाद्यं नेली आणि यांच्या स्वतःच्या कॅसेटी तेवढ्या फुटपाथवर नीट रचून ठेवल्या. ड्रमवाले तर टिकतच नव्हते. एक लग्न करून गेला, एक देवाला लागला, एक नुसताच गेला. मी दुकानदाराचा पोरगा, मला राहवेना. मी कळवलं की बाहेरगावचा माणूस टिकत नसतो, गावातलाच ठेवा. त्यांनी माझं ऐकलं, गावातलाच ठेवला. तो गिटारवाल्याची बायको घेऊन गेला. त्यानंतर मी धंद्याचा सल्ला देणं बंद केलं.

नव्या कॅसेटी ते पार्सलनं पाठवत. त्या घरी ऐकायची सोय नव्हती, म्हणून मी रविवारी स्कूटरवर टेप बांधून हिंगणीच्या पुढं बोरधरणाकडं जायचो. सहा सेल लागायचे. झाडाखाली बसून ऐकत होतो तर एकदा जंगलखात्याचा चौकीदार काठी घेऊन धावत आला.

"कोणाले मारून राह्यले बे इकडं?"

"गाणं हाय काका."

त्यानं बसून एक गाणं पूर्ण ऐकलं, बिडी संपवली आणि उठताना म्हणाला, "दवाखान्यात न्या त्याले." बँडच्या सगळ्या कारकिर्दीत इतकी नेमकी समीक्षा मी कुठंच वाचली नाही. मी ती गाणाऱ्याला कळवली. त्यानं लिहिलं की इंग्लंडात एवढं कोणी बसून ऐकत नाही.

पुढं मात्र पत्रं बारीक होत गेली. तिसरी कॅसेट चालली नाही. तिकडं नवी फॅशन आली होती, लोक वेगळ्या तऱ्हेनं बोंबलू लागले होते. कंपनीनं यांना सोडलं. मेहनतीनं वाढवलेले केस आपोआप गळले. दोघं एकमेकांशी बोलेनात, एकानं नळदुरुस्तीचं काम धरलं. शेवटच्या पत्रात दोनच ओळी होत्या: आम्ही थांबलो, तू लिहीत राहिलास, बरं वाटायचं. त्या दिवशी दुकानात बसून मला रडू आलं. बाबांनी विचारलं तर म्हणालो, मालाची मागणी पडली. ते माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "धंद्यात असं होतच राह्यते."

आणि याच सुमाराला माझं लग्न ठरलं. हिंगणघाटचं स्थळ होतं. मुलीच्या वडलांची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. एकाधिकार आता उठते, मग उठते अशी बोलवा होती. योजना उठली की आपला जावई थेट इंग्लंडात कापसाच्या गाठी पाठवणार, या हिशेबानं त्यांनी माझ्यात बघण्यासारखं नसलेलं सगळं बघितलं. मुलगी दिसायला चांगली होती, नागपूरच्या होस्टेलवर राहून शिकलेली होती, आणि माझ्याकडं होती काय तर एका बंद पडलेल्या बँडची पंचवीसेक पत्रं. मी गप्प बसलो. गप्प बसण्यात आमचा हात कोणी धरला नसता.

लग्नपत्रिका हा आमच्याकडचा एक वेडेपणाच आहे. जिथून कधी साधा रामराम आला असेल तिथं पत्रिका गेलीच पाहिजे. पहिली गणपतीला, मग गावाला, मग दुनियेला. "समक्ष येता आले नाही, तरी हेच आमंत्रण समजून सहकुटुंब अगत्य यावे," असं आपण छापतो आणि मनातून देवाची प्रार्थना करतो की हे लोक येऊ नयेत. आलेला माणूसही समजूतदार असतो, तो येत नाही. बाबांनी डॉक्टर-प्रोफेसर मंडळींसाठी थोड्या पत्रिका इंग्रजीतही छापल्या होत्या. त्यातल्या एकीच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावून, माझ्या जुन्या लिफाफ्यावरून पत्ता उतरवून, त्यांनी ती परस्पर इंग्लंडला पाठवली. मला विचारलंही नाही. व्यापारी संबंध, त्याला पत्रिका नको? बिचाऱ्या इंग्रजाला आमची रीत काय माहीत. त्यानं वाचलं की यावे, आणि तो आला.

लग्नाला दोन दिवस होते. मी शेरवानीचं माप द्यायला गेलो होतो. परत येतो तर दुकानापुढं गर्दी, आणि आत ढेपेच्या पोत्यावर एक टकला, धिप्पाड गोरा माणूस बसलेला. दोन्ही हात मनगटापासून खांद्यापर्यंत गोंदलेले, कानाच्या पाळ्यांत एवढाली भोकं. बाबा त्याला चिवडा चारत होते. बाबा वऱ्हाडीत बोलत होते, तो इंग्रजीत, आणि दोघांचंही छान चाललं होतं. मला पाहून तो उठला आणि त्यानं मला असं कवटाळलं की माझे पाय जमिनीवरून सुटले. अकरा वर्षं ज्याचा नुसता आवाज ऐकला तो माणूस माझ्या दुकानात उभा होता आणि मला फक्त एकच गोष्ट वाटली, भीती.

बाबा म्हणाले, "इच्यार त्याले, तिकडं बजार कसा हाय."

मी त्याला इंग्रजीत विचारलं, बाबा विचारतात बँडचं काय झालं.

तो म्हणाला, संपलं. आता कोणी येत नाही.

"मंदी हाय म्हणते," मी बाबांना सांगितलं.

"भागीदार किती म्हणा?"

पाच होतो, तो म्हणाला. आता मी एकटा. भांडणं झाली, चुका माझ्याही होत्या.

"भागीदारी फुटली म्हणते."

बाबांचे डोळे पाणावले. त्यांच्या स्वतःच्या भावानं गिरणी वेगळी केली होती. ते उठून त्याच्या शेजारी पोत्यावर जाऊन बसले आणि त्याचा गोंदलेला हात हातात धरून म्हणाले, "भाऊबंदकी वाईट हाय बावा. पण माल चांगला असन त गिऱ्हाईक वापस येते." हे मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, तुझा बाप मोठा माणूस आहे. बाबांना तेवढं एक भाषांतर मी खरं करून सांगितलं.

दोन दिवस मी त्याला क्षणभर कोणाजवळ सोडला नाही. त्याचं बोलणं त्या पावसाळी गावाच्या घोळवलेल्या इंग्रजीत, त्यामुळे बाकीच्यांना कळण्याची धास्ती कमी होती. आमच्या कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक त्याच्याशी पाऊण तास बोलले, सारखी मान डोलावत होते, आणि जाताना मला कोपऱ्यात घेऊन विचारलं की हा कोणती भाषा बोलतो. घरच्यांना तो भलता आवडला. दारू नाही, मटन नाही, दूध-तूपसुद्धा नाही. हार्डकोरवाल्यांत तशी एक शपथ असते. आईनं विचारलं, "कोणता उपास हाय त्याचा?" मी म्हटलं, बारमाही. मावशीनं त्याच्या हातावरचं गोंदण निरखून पाहिलं, आपल्या हातावरचं तुळशीवृंदावन दाखवलं आणि विचारलं, "लय दुखलं काय रे बाप्पा?" त्याच्या दंडावर बँडचं नाव काटेरी अक्षरांत होतं. मावशीला वाटलं, कुलदैवत असेल.

लग्न हिंगणघाटला, भर दुपारी. आमच्या भागात मुहूर्ताआधी माईकवर सत्कार चालतात. नवरानवरी ताटकळत उभी, अक्षता हातात घामेजलेल्या, आणि माईकवाला एकेकाचं नाव पुकारतो: सरपंच आले, त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, बँकेचे साहेब आले, त्यांचाही. सासऱ्यांनी त्या दिवशी सगळ्यांना मागं सारून पहिला मान विलायतेच्या पाहुण्याला दिला. शाल पांघरली, नारळ दिला आणि माईक त्याच्या तोंडाशी धरला. "दोन शब्द बोला म्हणा. नवरदेवच सांगन मराठीतून, दोस्त त्याचाच हाय." मला मुंडावळ्यांसकट माईकजवळ ओढलं. समोर दोन-तीनशे माणसं.

माईक हातात आला आणि त्या माणसाचा चेहराच बदलला. पाठ ताठ झाली. तो हळू बोलला. म्हणाला, मला इथं कोणी ओळखत नाही. आम्ही बारा वर्षं गाणी केली. शेवटच्या दिवशी ऐकायला जी थोडी माणसं होती त्यात दोघं तर बारचेच नोकर होते. घरी जाऊन मी ठरवलं की आपलं आयुष्य वाया गेलं. मग आवराआवर करताना या माणसाची पत्रं निघाली, सगळी. ज्या गावाचं नाव मला नीट म्हणता येत नाही तिथं एक जण आमची ओळ न ओळ ऐकत होता. मी त्याचं लग्न बघायला आलो नाही, मी त्याला पाहायला आलो. तो होता म्हणून ते वाया गेलं नाही. बस.

आणि माईक माझ्याकडं दिला.

मला ते सांगायचं होतं. आजही देवाशपथ सांगतो, पहिला शब्द ओठांपर्यंत आला होता. मग समोर सासरे दिसले, त्यांच्या जिनिंगचे भागीदार दिसले, पहिल्या रांगेत छाती काढून बसलेले बाबा दिसले.

"पाहुणे म्हणतात," मी म्हणालो, "का वर्धा जिल्ह्याच्या कापसासारखा लांब धाग्याचा कापूस त्यांनी जगात कोठी पाह्यला नाई. अन् दोन्ही घराण्यांना त्यांच्या शुभेच्छा."

मांडव दणाणला. टाळ्या थांबेनात. लाल कोटवाल्या वरातीच्या बँडनं उत्साहानं एक तुकडा वाजवला. मागून कोणी शिट्ट्या मारल्या. तो गाणारा तिथं शाल पांघरून, नारळ हातात धरून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. एवढ्या टाळ्या त्याच्या बँडला उभ्या आयुष्यात पडल्या नव्हत्या. त्यानं छातीवर हात ठेवून वाकून नमस्कार केला आणि टाळ्या आणखी वाढल्या. मी अंतरपाटामागं जाऊन उभा राहिलो. मंगलाष्टकं काय झाली, मला एक अक्षर आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरी सत्यनारायण. तिच्या शालूची आणि माझ्या उपरण्याची गाठ मारून आम्हाला पाटावर बसवलेलं. भटजी कथा सांगत होते, गोरा पाहुणा भिंतीशी खुर्चीवर बसून भक्तिभावानं ऐकत होता. लग्न ठरल्यापासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. भटजींनी शंख वाजवला तेव्हा त्या आवाजात ती मान न वळवता म्हणाली, "काल त्या पाहुण्यानं कॉटन हा शब्द एकदाही काढला नाई."

मी भटजींनी न सांगताच पळीभर पाणी ताम्हणात सोडलं.

"मी अंतरपाटाच्या पलीकडंच होती," ती म्हणाली. "मले इंग्रजी येते. त्याचं अर्धं समजलं नाई, पण जेवढं समजलं त्यात कापूस नव्हता. गाणे होते."

"लोकं काय म्हणतीन म्हणून..." मी म्हणालो.

"लोकाईचं राहू द्या. त्याची गाडी दुपारची हाय. गाडीच्या आधी त्याले खरं सांगून द्या."

मी हो म्हटलं. भटजी म्हणाले, लक्ष इकडं द्या.

स्टेशनवर मी एकटाच सोडायला गेलो. सासऱ्यांनी त्याला वानगीदाखल रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, एक पिशवी दिली होती, आईनं बिनतुपाचे लाडू. गाडी वीस मिनिटं उशिरा होती. बाकावर बसलो. तो पिशवीत हात घालून रुई कुस्करत होता. मग त्यानं विचारलं, काल लोकांनी इतका वेळ टाळ्या वाजवल्या. तू त्यांना नेमकं काय सांगितलंस?

माझ्यापुढं वीस मिनिटं होती. फलाटावर आमच्या ओळखीचं चिटपाखरू नव्हतं. बाबा नव्हते, सासरे नव्हते.

"तुम्ही बोललात तेच," मी म्हणालो. "शब्दाला शब्द."

तो माझ्याकडं पाहत राहिला. मग हसला, माझी पाठ थोपटली आणि म्हणाला, चांगला दुभाषी आहेस. गाडी येईपर्यंत आम्ही त्या दवाखान्यात न्या म्हणणाऱ्या चौकीदाराबद्दल बोललो. डब्यात चढल्यावर त्यानं खिडकीतून हात दाखवला, मीही दाखवला. माझ्या मनावरचं ओझं उतरलं असं मला वाटलं, इतका मी बह्याड.

घरी आलो. पाहुणे पांगले होते. ती मागच्या खोलीत पूजेची फळं वेगळी करत होती.

"सांगतलं?" तिनं विचारलं.

"हाव. सगळं सांगितलं."

"काय म्हणे तो?"

"हसला. काही वाईट नाई वाटलं त्याले."

तिनं हातातलं केळ खाली ठेवलं. "मी सकाळीच सांगतलं त्याले," ती म्हणाली. "पूजेच्या आधी, काळा चहा देतांना. तुम्ही माईकवर काय बोलले ते सारं. तो म्हणे, मले माहीत हाय असं तुह्या नवऱ्याले सांगू नको. तो सांगन मले, गाडी यायच्या आधी. मी इच्यारतो त्याले."

माझ्या तोंडाकडं पाहूनच ती काय ते समजली. त्या बाकावर तो वाट पाहत होता, आणि मी त्याला शब्दाला शब्द म्हणालो होतो. माझ्या एवढ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही.

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं पदर सावरला आणि खरंच कळून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "मांडवात खोटं बोलले ते लोकाईच्या भेवानं, स्टेशनवर त्याले वाईट वाटन म्हणून, हे मी समजू शकते. पण आता इथं तर कोणीच नव्हतं. माझ्याशी खोटं काऊन बोलले?"